तुमचे प्रश्न, वर्कशॉपची उत्तरं: दोन पायांची चेन म्हणजे डबल वजन नव्हे

प्रश्न : आमच्याकडं 10 एमएमची (कडीची जाडी) दोन पायांची चेन स्लिंग आहे, म्हणजे वर एक रिंग आन् खाली दोन चेन असलेली वजन उचलायची साखळी, ग्रेड 80 (चेनच्या ताकदीचा दर्जा). टॅगवर 4.25 टन आन् 3.15 टन असे दोन आकडे आहेत. एक पाय 3.15 टन घेतो तर दोन पायांचे 6.3 व्हायला पाहिजेत ना? सुपरवायझर म्हणतो कंपनीवाले भीतीपोटी कमीच लिहितात, 5 टनाचा गिअरबॉक्स आरामात जातो. खरं काय?
— एक फिटर, रोलिंग मिल, जालना

उत्तर : नाही जात, आणि एखाद वेळी गेला तरी ते बरोबर होतं असं समजू नका. 6.3 चा हिशोब तेव्हाच बरोबर जेव्हा दोन्ही पाय ओळंब्यात सरळ खाली लटकतील, पण वर दोघं एकाच रिंगमध्ये अडकलेत म्हटल्यावर खाली ते फाकणारच, आणि फाकले की वजन उचलण्यासोबत ते एकमेकांना आत पण ओढतात, ती ओढ चेनलाच सोसावी लागते. 4 टनाचं वजन धरा. पाय सरळ असते तर प्रत्येकावर 2 टन आले असते. ओळंब्यापासून 30 डिग्री फाकले की 2.3 टन, 45 ला 2.8, आणि 60 डिग्रीला एकेका पायावर पूर्ण 4 टन. दोन पाय लावून पण एका पायापेक्षा जास्त काही फायदा नाही.

म्हणून टॅगवर दोन आकडे असतात. ओळंब्यापासून 45 डिग्रीपर्यंत 4.25 टन, 45 ते 60 मध्ये 3.15, आणि 60 च्या पुढं उचलायचंच नाही. चेन तुटायला टॅगच्या चौपट वजन लागतं हे सुपरवायझरसाहेबांनी कुठंतरी ऐकलेलं असणार, पण ते चौपट तुमच्यासाठी नाही हो, ते झटक्यासाठी, झिजेसाठी आणि एका पायावर जास्त वजन येतं त्यासाठी राखून ठेवलेलं आहे. 5 टनाला 13 एमएमची दोन पायांची घ्या, ती 45 डिग्रीपर्यंत 7.5 टन घेते.

आता साइटवर डिग्री मोजायला कोण बसतंय, टेप तर असतो ना खिशात? एका पायाची लांबी मोजा आणि गिअरबॉक्सवर जिथं दोन हूक लावताय तिथलं अंतर मोजा. पाय 2 मीटरचा असला तर अंतर 2 मीटरच्या आत असेल तर झकास. 2.8 मीटरपर्यंत टॅगवरचा मोठा आकडा चालतो, त्याच्या पुढं छोटा आकडा, आणि 3.4 च्या पुढं गेलं तर लांब पायांची चेन शोधा नाहीतर मध्ये स्प्रेडर बीम, म्हणजे पाय फाकू नयेत म्हणून आडवा बीम, लावा. पायाची लांबी बदलली की त्याच हिशोबात अंतरं पण बदलतात.

अजून एक, गिअरबॉक्सची एक बाजू जड असते. उचलताना एक पाय तारेसारखा ताणलेला आणि दुसरा ढिला दिसला तर सगळं वजन एकावरच आहे. आधी जमिनीपासून चार बोटंच वर उचला, थांबा, बघा, आणि तिरकं होत असेल तर खाली ठेवून हूक सरकवा. त्या वेळी कुणी हात लावून बॅलन्स करू नका, टॅगलाइन म्हणजे साधा दोर बांधून लांबून धरा.

प्रश्न : ऑफ सीझनमध्ये मिलचे रोलर काढायचं काम चालू आहे. चेनची एक कडी लांबल्यासारखी दिसते, वेल्डर म्हणतो कापून नवीन कडी टाकून देतो, फुल वेल्डिंग मारतो. चालेल का?
— साखर कारखाना, लातूर जिल्हा

उत्तर : बिलकुल नाही. वेल्डरचा कितीही हातखंडा असू दे. ग्रेड 80 ची चेन अलॉय स्टीलची असते, तापवून, क्वेंच करून (झटकन थंड करून), टेम्पर करून (परत थोडं तापवून) तिला ती ताकद दिलेली असते, तुम्ही टॉर्च लावला की त्या जागी ती ताकद गेली. वरून वेल्डिंग चकाचक दिसेल, म्हणूनच जास्त घात होतो. कडी बदलायची तर त्याच ग्रेडची, त्याच साइजची जोडकडी मिळते, ती बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणं बसवून घ्या, मग तपासून घ्या.

पण आधी ती कडी का लांबली ते बघा, कारण एक लांबली म्हणजे कधीतरी जास्त वजन बसलंय, आणि ते शेजारच्या कड्यांवरून पण गेलंच असणार. चेन टांगून दोन्ही पाय शेजारी शेजारी सोडा, लांबीत फरक दिसला तर पूर्ण स्लिंग बाजूला. कड्या एकमेकीत मोकळ्या फिरायला पाहिजेत. कडीला कडी घासते तिथं व्हर्नियर लावून दोन दिशांनी मोजा आणि सरासरी काढा, 10 एमएमची 9 च्या खाली आली की भंगारात. चीर, वाकलेली कडी, खोल खाच, हूकचं तोंड 10 टक्क्यांपेक्षा जास्त उघडलेलं, सेफ्टी लॅच (हूकच्या तोंडावरची पट्टी) गायब, टॅग वाचता येत नाही, यातलं एक जरी असलं तरी वापर बंद. आणि भंगारात टाकताना कापून टाका, नाहीतर तीच चेन दुसऱ्या पाळीत कुणीतरी उचलून आणतो.

रोलरच्या काठावर चेन घासत असेल तर मध्ये लाकूड किंवा पॅड द्या. फास मारून, म्हणजे चेन वजनाभोवती फिरवून तिच्यातच हूक अडकवून, उचलणार असाल तर कपॅसिटी 80 टक्केच धरा.

प्रश्न : विहिरीचं काम चालू आहे, यारीच्या (विहिरीवरच्या क्रेनच्या) बकेटला तीन साखळ्या आहेत, हार्डवेअरच्या दुकानातून किलोवर आणलेल्या. एवढी जाड साखळी आहे, तुटेल कशी? माणसं पण त्यातच उतरतात.
— गेवराई तालुका, बीड

उत्तर : जाडी बघून ताकद कळत नाही. किलोवर मिळते ती गाय बांधायची नाहीतर गेटला कुलूप लावायची साधी साखळी, तिच्यावर ना ग्रेड, ना टॅग, ना टेस्ट. चांगल्या चेनच्या कडीवर थोड्या थोड्या अंतरावर ग्रेडचा ठसा असतो, ग्रेड 80 ला 8 किंवा 80 असा, ठसाच नसला तर ती उचलायची चेन नाही. बकेटला टॅग असलेली तीन पायांची ग्रेड 80 स्लिंग लावा. साखळी लांब होते म्हणून गाठ मारून छोटी करता ना? ते बंद करा, गाठीजवळ कडी वाकडी ताणली जाते. छोटी करायला शॉर्टनर हूक मिळतो.

माणसांचं मात्र वेगळं आहे, ती स्लिंग कितीही चांगली असू दे, मातीच्या बकेटमधून माणसं नेणं चुकीचंच. शिडी लावा. बकेट वर येत असताना खाली माणूस असेल तर तो कडेला, बकेटच्या रेषेतून बाहेर.

प्रश्न : फाउंड्रीत गरम कास्टिंग उचलायला चेनच बरी ना? बेल्ट तर वितळतो. आणि वाळूजच्या एका दुकानदारानं सांगितलं, चेनला गंज लागू नये म्हणून झिंक प्लेटिंग करून घ्या.
— वाळूज एमआयडीसी

उत्तर : गरमीत चेनच, पण मर्यादा आहे. ग्रेड 80 ची चेन स्वतः 200 डिग्री सेल्सिअसपर्यंत तापली तरी पूर्ण वजन घेते, 200 ते 300 मध्ये 90 टक्के, 300 ते 400 मध्ये 75 टक्के, 400 च्या वर वापरायचीच नाही. लाल कास्टिंगला थेट फास मारू नका. प्लेटिंगचं मनातून काढून टाका, ॲसिडमध्ये बुडवताना हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो आणि चेन ठिसूळ होते, बनवणाऱ्याच्या परवानगीशिवाय हे करायचं नाही. पुसा, हलकं तेल लावा, स्टँडवर टांगून ठेवा.

प्रश्न : तपासणी किती दिवसांनी?
— अनेक वाचक

उत्तर : वापरायच्या आधी रोज डोळ्यांनी, आणि सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तरी कसून तपासणी. हे काही नवीन नाही, फॅक्टरी ॲक्ट 1948 च्या कलम 29 मध्येच होतं. रोज वापर असेल तर मी तीन महिने म्हणेन. प्रत्येक स्लिंगला नंबर द्या आणि रजिस्टरमध्ये त्या नंबरासमोर कोणत्या जागी किती एमएम भरली ते लिहा.