भूत जोलोकिया, राजा मिर्चा आणि उमोरोक या वेगवेगळ्या मिरच्या आहेत का?

नाही, मुळात ही एकाच मिरचीची नावं. आसामीत जोलोकिया म्हणजे मिरची. भूत जोलोकियालाच नागालँडमध्ये राजा मिर्चा आणि मणिपुरात उमोरोक म्हणतात. 'भूत' हा शब्द भूतानवरून आला असं बरेच जण मानतात, पण इंग्रजीत तिचं सरळ 'घोस्ट पेपर' झालं आणि 2007च्या 'जगातली सर्वात तिखट मिरची' या गिनीज विक्रमानंतर तेच नाव जगभर गेलं.

खरा घोळ शास्त्रीय नावात आहे. 'कॅप्सिकम चायनेन्स' म्हणजे चिनी मिरची! 1776 मध्ये जॅक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती चीनची समजून हे नाव दिलं. प्रत्यक्षात ही जात दक्षिण अमेरिकेतली, आणि चुकीचं नाव आजही तसंच आहे.

बी घेताना पाकिटावरच्या नावावर विसंबू नका. शेजारी दुसरी मिरची असेल तर परपरागीकरणाने पुढच्या पिढीचा तिखटपणा, आकार दोन्ही बदलू शकतात.