ध्वनिसाम्य, लेखनसाम्य आणि ‘अन्तरतम’

एका वाचकाने विचारले आहे की, ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’ किंवा ‘पाणी’ आणि ‘पानी’ असे जवळचे शब्द संगणकाकडून जुळवून घेण्याच्या पद्धतींना ‘समानशब्दशोध’ म्हणावे का. आणि मराठी जशी बोलतात तशीच लिहितात, तर तिला या पद्धतींची गरज तरी आहे का. नावाचा प्रश्न लवकर मिटतो. ‘समानशब्द’ म्हटले की वाचक समानार्थी शब्दांकडे वळतो. म्हणून लिखित रूपाच्या जवळिकीला लेखनसाम्य आणि उच्चाराच्या जवळिकीला ध्वनिसाम्य म्हणावे. ‘बोलतात तशीच लिहितात’ या विधानाकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. शालेय व्याकरणांपासून व्यासपीठांपर्यंत ते ऐकू येते आणि ते चूक आहे. आपण ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ उच्चारतो, ‘सिंह’ लिहितो आणि ‘सिंव्ह’ म्हणतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च वेगळे असूनही लिपीत त्यांना एकच अक्षर आहे.

लेखनसाम्य मोजण्याची सर्वांत प्रचलित रीत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने 1965 मध्ये मांडली. एका शब्दाचा दुसरा शब्द करण्यासाठी किती चिन्हे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, ती किमान संख्या म्हणजे त्या दोन शब्दांतले अंतर. या हिशेबाने ‘पाणी’पासून ‘पानी’ एका पावलावर आहे आणि ‘गाणी’ही एकाच पावलावर आहे. संगणक जोडाक्षरातला हलन्त, म्हणजे व्यंजनाचा पाय मोडणारी खूण, वेगळा मोजतो, त्यामुळे ‘ज्ञान’ आणि ‘द्न्यान’ यांच्यात तर चार पावले पडतात, आणि ‘चिता’ व ‘चिंता’ यांच्यात एकच.

ध्वनिसाम्याची जुनी पद्धत साउंडेक्स. रॉबर्ट रसेल यांना तिचे अमेरिकी पेटंट 1918 मध्ये मिळाले, आणि 1930च्या दशकात तिथल्या जुन्या जनगणनांच्या नामसूची तिच्या आधारे तयार झाल्या. नावाचे पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवायचे, स्वर गाळायचे आणि पुढच्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे, तेही एकूण तीनच. रोमन लिपीतल्या आपल्या आडनावांना ती लावली की ‘जोशी’ आणि ‘जोग’ यांना एकच संकेतांक मिळतो, कारण इंग्रजी एस आणि जी एकाच गटात आहेत. उलट ‘वाघ’ कोणी व्हीने लिहिला आणि कोणी डब्ल्यूने, तर पहिले अक्षर निराळे म्हणून ते एकमेकांना कधीच सापडत नाहीत.

या साऱ्या खटाटोपाच्या कितीतरी आधी पाणिनीने ‘स्थानेऽन्तरतमः’ हे सूत्र लिहून ठेवले आहे. एका वर्णाच्या जागी अनेक वर्ण येणे शक्य असेल, तर त्यातला सर्वांत जवळचा घ्यावा, असा त्याचा अर्थ. ‘शुच्’पासून ‘शोक’ आणि ‘रुज्’पासून ‘रोग’ होताना च् आणि ज् यांच्या जागी कवर्गातला, म्हणजे क, ख, ग, घ, ङ यांतला, वर्ण येतो; त्यात अघोष (उच्चारताना कंठात कंप न होणाऱ्या) च् ला अघोष क् जवळचा आणि सघोष ज् ला सघोष ग् जवळचा, म्हणून ‘शोग’ आणि ‘रोक’ झाले नाहीत. आणि हा ‘अन्तरतम’ शब्द पाहावा! संस्कृतात ‘अन्तर’ म्हणजे मधली जागा, तसेच आतले, निकटचे. म्हणून अन्तरतम म्हणजे निकटतम. मराठीत आतलेपणाचा हा अर्थ ‘अंतरी’, ‘अंतरीचा’ अशा शब्दांत उरला आणि एरवी ‘अंतर’ म्हणजे लांबी किंवा फरक झाला. जवळीक आणि लांबी ही एकाच मोजमापाची दोन टोके आहेत, हे या एका शब्दात आपल्याकडे आधीपासून नोंदलेले आहे.

काशिकाकार, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिका’ या जुन्या टीकेचे कर्ते, ही जवळीक चार प्रकारची सांगतात: स्थान, अर्थ, गुण आणि प्रमाण. प्रमाण म्हणजे मात्रा, म्हणजेच आपले ऱ्हस्वदीर्घ. गुण म्हणजे घोष, नाद, प्राण यांसारखे ध्वनीचे धर्म. एकाहून अधिक प्रकारची जवळीक असेल तिथे उच्चारस्थान बलवत्तर, असे वैयाकरण मानतात. संस्कृतपुरते ते ठीक आहे, पण मराठी शब्द जुळवताना मी ते मुळीच मानणार नाही. आपल्या बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘शेत’चे ‘सेत’ होते. इथे उच्चारस्थान सरकते, पण अनुनासिक अनुनासिकच राहते आणि ऊष्म वर्ण ऊष्मच राहतो. म्हणून ण-न, ळ-ल, श-स या बदलांना अगदी थोडे अंतर धरावे, ऱ्हस्वदीर्घाला त्याहून कमी, आणि ‘पाणी’ व ‘गाणी’ यांतल्या प-ग बदलाला पूर्ण. देवनागरीसाठी संकेतांक बनवताना वर्णमालेची ओळच्या ओळ, म्हणजे अख्खा कवर्ग किंवा अख्खा टवर्ग, एका आकड्याखाली टाकावी असे सुचवणाऱ्यांनी स्थानालाच सर्वस्व मानले आहे. त्यांच्या रीतीने काठ, खाट, गाठ आणि घाट हे चारही शब्द एकाच खणात पडतात, आणि या चारांत मराठी माणसाचा कान कधीही फसत नाही.