तुमचे प्रश्न : सागवानी खिडकी आणि एसी

प्रश्न : पुण्यात शनिवार पेठेत आमचं १९३० च्या सुमाराचं घर आहे. पश्चिमेच्या खोलीला काचेच्या दोन झडपांची सागवानी खिडकी आहे. एसी लावूनही दुपारी खोली गार होत नाही. कंत्राटदार दुहेरी काचेची अॅल्युमिनियम स्लायडिंग बसवा म्हणतो. बसवावी का?

उत्तर : नको. आधी हिशेब पाहा. काच दीड चौरस मीटर धरू. बाहेर ३८ आणि आत २५ अंश असताना एकेरी काचेतून साधारण ११० वॅट उष्णता आत येते. दुहेरी काचेने ती निम्मी होईल. पण एप्रिलमध्ये चारच्या सुमाराला त्याच काचेवर थेट ऊन पडलं की सहा-साडेसहाशे वॅट आत शिरतात, आणि साधी दुहेरी काच त्यातलं थोडंच अडवते. शिवाय स्लायडिंग अर्धीच उघडते, म्हणजे रात्रीचा वारा कायमचा निम्मा.

ऊन काचेच्या बाहेरच अडवा. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे छज्जा उपयोगाचा नाही. खिडकीबाहेर तीन-चार इंच सोडून बांबूची चिक, म्हणजे गुंडाळता येणारा पडदा, टांगा. आतला पडदा आधी स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. झडपा बाहेर उघडत असतील तर आधी चिक गुंडाळावी लागेल, म्हणून दोरी आतून हाताशी येईल अशी घ्या. घर वारसा यादीत असेल तर महापालिकेच्या हेरिटेज कक्षाला विचारूनच टांगा.

मग फटी. पंखा बंद करा, खिडकी लावा आणि पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवा. धूर जिथे वाकतो तिथे पेन्सिलीने खूण करा. बहुतेक वेळा खुणा दोन झडपांच्या मधोमध येतात, कारण वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन झडप खाली ओघळलेली असते. अशा वेळी झडप तासू नका. स्क्रूच्या भोकात सरस लावलेली सागाची खुंटी ठोका, ती वाळली की नवे स्क्रू पिळा. झडप पुष्कळदा आपोआप जागेवर येते.

तासायचंच असेल तर हिवाळ्यात. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. श्रावणात घट्ट लागते म्हणून रंधा मारलेली खिडकी मार्चमध्ये बोटभर फट दाखवते. ही चूक इतकी सर्रास होते, की चांगल्या खिडक्या ‘वाकड्या’ ठरून भंगारात जातात. याचं फार वाईट वाटतं.

उरलेल्या फटीला चौकटीच्या खाचेत रबराची पोकळ पट्टी चिकटवा. फट ३ मिमी असेल तर पट्टी ४-५ मिमी. त्याहून जाड घेतली तर कडी लागत नाही आणि जोर पडून बिजागऱ्या पुन्हा उपटतात. फोमची टेप घेऊ नका, उन्हाने तिचा भुगा होतो.

प्रश्न : काचा खडखडतात. वरून सिलिकॉन मारलं तर चालेल?

उत्तर : त्यावर रंग धरत नाही आणि पुढे काच फुटली तर ती काढताना लाकूड सोलतं. लांबीच, म्हणजे काच बसवायची पुट्टीच, वापरा. खडूच्या पुडीत जवसाचं तेल थोडं थोडं घालत पुरीच्या कणकेइतकी घट्ट मळा. जुनी लांबी खरवडा आणि उघड्या लाकडाला आधी तेलाचा हात द्या. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि ती तडकते. वर साय धरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे थांबा. मग रंग काचेवर २ मिमी चढेल असा लावा, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरणार नाही.