श्रावणात टोमॅटो कुठून येणार?

प्रश्न : ताई, नमस्कार. ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीतल्या २५ घरांनी मिळून मुरबाडकडच्या एका शेतकऱ्यादादांशी जोडून घेतलंय. पावसाळी हंगामाचे पैसे मे महिन्यातच दिले. जुलैपासून दर शनिवारी भाजीची पिशवी येते. सुरुवातीला काकडी, भेंडी, लाल माठ, अळू पाहून सगळे खूश होते. आता सलग तीन शनिवार शिराळी, दुधी, पडवळ आणि मूठभर भेंडी एवढंच येतंय. मेथी नाही, कोथिंबीर नाही, टोमॅटो तर एकदाही आला नाही. ग्रुपवर रोज तक्रारी चालू आहेत. सात घरं उरलेले पैसे परत मागतायत. हिशेब माझ्याकडे असल्यामुळे बोलणीही मलाच खावी लागतात. हे सगळं बंद करावं का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : बंद करू नका. तुमच्या पिशवीत काय काय आलं ते वाचून मला त्या दादांबद्दल विश्वासच वाटला. श्रावणात मुरबाडच्या शेतात हेच पिकतं. या दिवसांत त्यांनी टवटवीत कोथिंबिरीच्या जुड्या, टोमॅटो आणि फ्लॉवर पाठवला असता, तर हा माल त्यांच्या शेतातला की पहाटे वाशीच्या मार्केटातून उचललेला, हे मी तुम्हाला आधी विचारलं असतं.

त्या पट्ट्यात पावसाळ्यात बहुतेक जमीन भाताखाली असते. खाचरात पाणी साचलेलं भाताला हवंच असतं. भाजीला उरतो तो उताराचा, वरकस तुकडा. तिथेही मेथी-कोथिंबिरीचं कोवळं रोप सरींनी झोडपून निघतं, मातीला चिकटतं आणि बुडापासून कुजतं. टोमॅटोला एवढा ओलावा सोसत नाही. पानांवर करपा येतो, फळ तडकतं. आपल्याला या दिवसांत मिळणारा टोमॅटो बहुतेक घाटावरचा, नारायणगाव किंवा नाशिककडचा असतो. बटाट्याला थंड रात्री लागतात, त्यामुळे तो कोकणच्या पावसाळ्यात मागण्यात अर्थच नाही. वेलभाज्या मात्र मांडवावर चढतात. शिराळं, पडवळ, कारलं, दुधी जमिनीपासून वर लोंबतात, त्यांना वारा लागतो, फळ चिखलात लोळत नाही. म्हणून पाऊस लागून राहिला की मांडवच घर चालवतो.

आता पैशांचं. त्या पैशांतून तुम्ही हंगामातला वाटा घेतलात. बियाणं, शेणखत, मांडवाचे बांबू, तार, मजुरी हा सगळा खर्च पहिलं शिराळं लागायच्या आधी करावा लागतो. तो सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून उचलावा लागू नये म्हणून आपण आधी पैसे देतो. पीक उतरलं की वाटा जड, मोडलं की हलका. ही पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात रसायनांना घाबरलेल्या शहरी गृहिणींनी थेट शेतकऱ्यांशी जोडून घ्यायला सुरुवात केली. तिथे या चळवळीला तेइकेई म्हणतात. १९७८ मध्ये तिची दहा तत्त्वं ठरली, त्यातलं एक असं की शेतकरी जो माल पाठवेल तो सगळा घ्यायचा. अमेरिकेत १९८६ मध्ये अशी पहिली शेतं सुरू झाली, फ्रान्समध्ये २००१ मध्ये. सगळीकडे शेतकऱ्याची अडचण हीच होती, जोखीम एकट्याच्या डोक्यावर. ऐरोलीतल्या २५ घरांनी ती जोखीम मे महिन्यात वाटून घेतली आणि जोराचा पाऊस लागताच परत त्यांच्याच डोक्यावर ठेवली, तर दादा पुढच्या वर्षी कुणाही शहरवाल्यावर भरवसा ठेवणार नाहीत. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

त्यामुळे त्या सात घरांना मधेच पैसे देऊ नका. ते पैसे मांडवात गेलेत. पण कुणाला अडकवूनही ठेवू नका. वाटा दुसऱ्या घराला देण्याची मुभा द्या. सोसायटीत विचारा, शेजारच्या सोसायटीत विचारा, घेणारं कुणी ना कुणी मिळतं. दोनच माणसांच्या घराला आठवड्याला तीन शिराळी संपवणं खरंच जड जातं. अशांसाठी अर्धा वाटा ठेवा, दोन घरं मिळून एक घेतील. आणि पुढच्या हंगामात सगळी रक्कम एकदम मागू नका. निम्मी लागवडीच्या वेळी, बाकीची महिन्याच्या हप्त्यांनी. सुरुवातीचा मोठा खर्च त्यातून निघतो आणि घरांनाही सोपं जातं.

वाटपाची पद्धतही बदलून पाहा. तुमच्याकडे बांधलेल्या पिशव्या येतात, तक्रारींचं अर्धं मूळ मला तिथेच दिसतं. ठाण्यात आमच्या गटाकडे शनिवारी सकाळी क्रेट येतात. पार्किंगमध्ये एक टेबल, एक वजनकाटा, एक फळा. फळ्यावर त्या दिवशीचा वाटा लिहिलेला असतो : शिराळं १ किलो, भेंडी अर्धा किलो, अळूची एक जुडी. ज्याने त्याने आपलं मोजून घ्यायचं. शेजारी एक मोकळी टोपली असते, तिला आम्ही ‘बदली’ म्हणतो. कारलं नको असेल तर टोपलीत ठेवा आणि तिथलं दुसरं काही घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पडवळ ठेवून दुधी नेतात, समोरच्या विंगमधलं तमिळ कुटुंब पडवळाचीच वाट पाहत असतं. टेबलापाशी उभं राहून माणसं एकमेकांना विचारतात, याचं तुम्ही काय करता? ग्रुपवर टाकलेल्या दहा पाककृतींपेक्षा ते विचारणं जास्त उपयोगी पडतं.

पडवळ डाळिंब्या घालून करा, किंवा भिजवलेली चणाडाळ घालून. कोवळ्या पडवळाची दह्यातली कोशिंबीर छान होते. शिराळ्याच्या शिरा फेकू नका. तीळ, सुकं खोबरं, हिरवी मिरची घालून तव्यावर खमंग परतल्या की चटणी होते. दुधीच्या सालीचीही तशीच. किसलेल्या दुधीचे थालीपीठ मुलं न कुरकुरता खातात, कारण त्यांना दुधी दिसतच नाही! आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या आठवड्याचा वाटा ऋषीच्या भाजीचा असावा असं दादांना आत्ताच सांगून ठेवा. अळू, लाल माठ, शिराळं, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, जे असेल ते थोडं थोडं. बैलाच्या मेहनतीचं त्या दिवशी खायचं नाही असा रिवाज आहे, त्यामुळे परसातलं काय, कुदळीने केलेलं काय, हे दादाच सांगू शकतील. ज्यांना एरवी पडवळ नको असतं तेही त्या दिवशी मागून नेतात.

एक काम मात्र दादांनीही करायला हवं. लागवड टप्प्याटप्प्याने. सगळी शिराळी एकाच दिवशी लावली तर ती एकाच वेळी येणार आणि एकाच वेळी संपणार. दर दोन-तीन आठवड्यांनी थोड्या बिया टोकल्या, लाल माठाला उंच गादीवाफे केले, बांधाच्या कडेला अळू आणि सुरण ठेवलं, तर वाट्यात फरक पडतो. हे फोनवर सांगू नका. पाच-सहा जण एका रविवारी मुरबाडला जा, बांधावर उभे राहा, त्यांच्याबरोबर कागदावर आराखडा करा. येताना त्यांना हेही विचारा की भात कापल्यावर त्या ओलीवर वाल टाकणार का. टाकणार असतील तर हिवाळ्याचा वाटा आत्ताच ठरवून टाका. कोवळ्या वालाच्या शेंगांचा पहिला क्रेट आला की तक्रारी करणारेच आधी खाली उतरतील.

प्रश्न : आमच्या गटाला कर्जतकडून भाजी येते. पावसाळा आहे तर दर आठवड्याला रानभाज्याही द्या, असा आग्रह सदस्य धरतात. शेतकऱ्याला तसं सांगावं का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : आग्रह धरू नका. रानभाजी शेतकरी लावत नाही. ती बहुतेक वेळा कातकरी, ठाकूर बायका रानात फिरून गोळा करतात, आणि त्यांचं पावसाळ्याच्या तोंडावरचं उत्पन्न त्यावर चालतं. तुमच्या शेतकऱ्याने ती ‘वाट्यात’ घातली, तर त्या बाईच्या हातात काय पडतं हे तुम्हाला कधी कळणार नाही. हवी असेल तर तिच्या भाजीचा हिशेब वेगळा ठेवा, भाव तिला विचारा, आणि ती आणेल तेवढीच घ्या. पंचवीस घरांना पंचवीस जुड्या हव्यात म्हटलं की कंद उपटले जातात, आणि पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही.

रानभाज्यांना त्यांचे त्यांचे दिवस असतात. शेवळं पहिल्या पावसाच्या आगेमागे थोडेच दिवस येतात. टाकळा कोवळा असतानाच खायचा. फोडशी त्यानंतर, कर्टुली श्रावणात. आणि शेवळं कुणी हौसेने वाटणार असेल तर सोबत काकडं, म्हणजे ती आंबट रानफळं, हवीतच, ती नसली तर चिंच तरी. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. नीट साफ न करता, आंबट न घालता केलं तर घसा धरतो. नवख्या घरात ते नुसतं पाठवून देऊ नका, करण्याची पद्धत माहीत असलेल्या कुणाला तरी सांगायला ठेवा.

कर्टुलीचं मात्र शेतकऱ्याशी जरूर बोला. ती कंदापासून लावता येते. नर आणि मादी वेल वेगळे असतात, त्यामुळे मादी वेलांत थोडे नर वेल ठेवावे लागतात. एकदा लावली की तेच कंद पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. बांधावर दहा-बारा वेल असले तरी गटाला श्रावणात एक-दोन वाटे मिळतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कमिटीचं म्हणणं आहे की मार्केट यार्डाबाहेर अशी भाजी विकणं बेकायदेशीर आहे. खरं आहे का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकरी आपला माल यार्डाबाहेर थेट ग्राहकाला देऊ शकतो. कमिटीची परवानगी लागते ती आवाराची. त्यासाठी साधा अर्ज करा आणि त्यात तीन गोष्टी लिहा : टेम्पो कुठे उभा राहील, वाटप किती वाजता सुरू होऊन किती वाजता संपेल, आणि उरलेला पाला कोण उचलेल. तिसऱ्या गोष्टीपुढे दोन सदस्यांची नावं घाला. बहुतेक कमिट्यांची खरी हरकत तिथेच असते.