वाचक विचारतात : डावं-उजवं पाठ, तरी रस्ता चुकतो

प्रश्न : मोबाइलच्या नकाशावर बरोबर पोहोचते, पण परतीचा रस्ता आठवत नाही. मोठ्या इमारतीतून बाहेर पडलं की हमखास उलट्या दिशेला चालू लागते. वय ४८. आता सुधारणा होईल का?

उत्तर : होईल. लंडनचे टॅक्सीचालक तीन-चार वर्षं खपून शहरातले हजारो रस्ते पाठ करतात. त्यांच्यातल्या परीक्षा पास झालेल्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा (जागा आणि रस्ते लक्षात ठेवणाऱ्या भागाचा) मागचा भाग वाढल्याचं २०११ मधल्या अभ्यासात दिसलं. तुम्हाला एवढा खटाटोप नको.

तुम्ही वळणं लक्षात ठेवता, दिशा नाही. वळणांची यादी परतताना उलटी वाचावी लागते आणि एक वळण निसटलं की पुढचं सगळंच फसतं. आधी नकाशा आपल्यासोबत फिरायचा थांबवा, उत्तर दिशा कायम वर राहील असं सेटिंग ठेवा. निघण्यापूर्वी पूर्ण रस्ता बघून मोबाइल खिशात टाका. शंका आली तर आधी अंदाज करा, मगच नकाशा उघडा. हा क्रम उलटा झाला तर सराव होतच नाही.

जाताना प्रत्येक वळणावर मागे वळून बघा, कारण परतताना दिसणार आहे ते हेच दृश्य. खूण म्हणून देऊळ, पाण्याची टाकी, पूल धरा. उभी गाडी नको.

इमारतीत शिरताना दार कोणत्या दिशेला आहे ते मनाशी म्हणा. घोटाळा होतो तो बहुतेक जिन्याच्या वळणांवर किंवा दोन्हीकडे दारं असलेल्या लिफ्टमध्ये. तिथे थांबून रस्त्याकडे बोट दाखवा. लोक बघतील, बघू द्या.

रोज घरी बसून तीन ओळखीच्या ठिकाणांकडे हात करा आणि नकाशा व होकायंत्राने ताळा घ्या. ३० अंशांची चूक चालेल. ९० च्या आसपास असेल तर एखादं वळण हिशेबातून सुटलंय. मोबाइलच्या कव्हरला चुंबक असेल तर ते आधी काढा, नाहीतर होकायंत्रच चुकेल.

प्रश्न : रानात चकवा लागतो म्हणतात. खरंच माणूस गोल फिरतो का?

उत्तर : फिरतो, आणि त्याला ते कळतही नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ढगाळ दिवशी जंगलात सरळ चालायला सांगितलेली माणसं गोल फिरून आपल्याच वाटेवर आली. सूर्य दिसत होता तेव्हा ती बऱ्यापैकी सरळ गेली. सूर्य नसेल तर समोरची दोन झाडं एका रेषेत धरा. पहिल्याशी पोहोचण्याआधी दुसऱ्याच्या मागचं तिसरं निवडा.