बिंदू क्रमांक सात

प्रश्न : ताई, मी तीन वर्षांपूर्वी चर्चगेटला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लागले. मी अनुसूचित जातीची, पण परीक्षेत माझे गुण खुल्या यादीच्या कटऑफच्या वर होते, वयाची सवलतही घेतली नव्हती, म्हणून निवड खुल्या जागेवर झाली. तरी सेक्शनमध्ये मी ‘कॅटेगरीवाली’च. गेल्या वर्षी नवे साहेब आले. आधी मी टिपण्या लिहायचे, आता टपाल आणि आवक-जावक माझ्याकडे. कामाच्या वार्षिक अहवालात आधी दहापैकी ८.१ होते, या वेळी ५.४. चौघीजणी एकत्र डबा खातात; मी गेले की गप्पा थांबतात. माझी निवड खुल्या जागेवर झाली हे एकदा सगळ्यांना ऐकवावं का? की बदली मागावी?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस, म्हणून एकेरीतच बोलते. आधी अहवालाचं, कारण त्याला मुदत आहे. अहवाल हातात पडल्यापासून १५ दिवसांत त्यावर लेखी म्हणणं मांडता येतं. हा अंक निघेपर्यंत ते दिवस सरतील म्हणून तुला वेगळं कळवलंच आहे. इथे लिहिते ते बाकीच्यांसाठी.

५.४ म्हणजे ‘गुड’. ऐकायला बरं वाटतं, पण पुढे बऱ्याच पदांच्या बढतीला ‘व्हेरी गुड’ लागतं, म्हणजे सहा किंवा त्याच्या वर. तुझ्या म्हणण्यात जातीचा शब्दही नको. नुसतं काम लिही. एप्रिलपासून किती टिपण्या लिहिल्या, कोणत्या तारखेला त्या काढून घेतल्या, लेखी आदेश होता का, टपालाचं काम किती दिवसांत निपटलं. वाईट शेऱ्याला आधार काय, एवढाच प्रश्न विचार. जातीचा भाग वेगळ्या पत्रात, संपर्क अधिकाऱ्याकडे. अनुसूचित जाती-जमातींच्या कामासाठी असा अधिकारी नेमलेला असतो, पुष्कळांना त्याचं नावही ठाऊक नसतं. तिथे हललं नाही तर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आहे. घटनेच्या ३३८ व्या कलमाने त्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, कागद मागवता येतात, माणसं बोलावता येतात. दोन्ही गोष्टी एका पत्रात घातल्यास की साहेब कामाबद्दल काही बोलतच नाहीत, ‘माझ्यावर जातीयतेचा आरोप केला’ म्हणून दुखावलेले राहतात. हे मी किती वेळा पाहिलं ते विचारू नकोस.

आता ‘ऐकवावं का’. नको.

का, ते सांगायला मला माझ्या रजिस्टरकडे जावं लागेल. मी १९८१ साली क्लार्क म्हणून लागले आणि पुढे बावीस वर्षं बिंदुनामावली, म्हणजे कुठलं पद कुठल्या वर्गासाठी याचं रजिस्टर, माझ्या टेबलावर होती. आम्ही रोस्टरच म्हणायचो. सभरवाल खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९५ चा. त्यावरून २ जुलै १९९७ चं परिपत्रक आलं की आता आरक्षणाचा हिशेब निघणाऱ्या रिक्त जागांवर नाही, एकूण पदांवर ठेवायचा. त्या पावसाळ्यात आम्ही तिघांनी जुनी रजिस्टरं बंद करून नवी आखली. २०० बिंदू, एका पदाला एक. पहिले तीन खुले, चौथा ओबीसी, सातवा अनुसूचित जाती, चौदावा जमाती. माझ्या निवृत्तीनंतर, २०१९ पासून, दहावा आर्थिक दुर्बलांना गेला. त्यात दोन रकाने शेजारी शेजारी असतात. माणूस कुठल्या वर्गाचा, आणि पद कुठल्या वर्गाचं म्हणून भरलं. तुझ्यासारखीच्या ओळीत पहिल्यात ‘अजा’ आणि दुसऱ्यात ‘अराखीव’. राखीव कोट्यात तू मोजलीच जात नाहीस. एकदा एका साहेबांनी रजिस्टर मागवून विचारलं, ‘ही किती टक्क्यांवर आली?’ मी म्हटलं, साहेब, यात टक्क्यांचा रकाना नाही. त्यांनी पान उलटून पाहिलं. खरंच नव्हता.

तेव्हा तू म्हणतेस ते खरंच आहे. पण तुझ्याच मजल्यावर सातव्या बिंदूवर आलेली कुणीतरी असेल. तीही परीक्षा देऊनच आली. ‘मी खुल्यातून आले’ म्हणालीस की सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतील, आणि त्या तू वळवलेल्या असशील. बरं, तुझा फायदा काय? उद्या म्हणतील, हिला क्लासची फी माफ असणार.

बदलीही मागू नकोस, निदान अहवालाचा निकाल लागेपर्यंत. मी १९८९ साली मागितली होती, कुलाब्याहून अँटॉप हिलला. माझं आडनाव माझ्याआधी पोचलं होतं.

डब्याचं मात्र तू शेवटी दोन ओळींत उरकलंस. माझ्या मते तेच मूळ आहे. माझे आजोबा डिलाईल रोडच्या एका गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, होते. विणाईत पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण कांडी बदलताना धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि यांची थुंकी लागलेलं सूत बाकीच्यांना चालत नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे दार उघडा म्हणून मागणी लावून धरली. म्हणजे बघ, उष्ट्याचा प्रश्न थेट पगाराच्या पाकिटात उतरला होता. तुझ्याकडेही वेगळं काही नाही. कुणाची रजा आहे, कुठली मोठी फाईल येणार आहे, साहेबांना टिपण कसं आवडतं, हे सगळं डबा खाताना कळतं. त्या टेबलावर नसलेलीकडे टपाल येतं. टपालवालीला ५.४ मिळतात.

एखाद्या दुपारी डब्याला न बोलावणं कायद्याच्या चिमटीत सहज सापडत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याला जातीवरून जाणूनबुजून केलेला अपमान लागतो, तोही लोकांच्या नजरेसमोर. बंद केबिनमध्ये दोघांतच बोललेलं तिथे टिकत नाही. म्हणून एक वही कर. तारीख, वेळ, कोण हजर होतं, आणि बोललेले शब्द जसेच्या तसे. ‘टोमणा मारला’ असं लिहू नकोस, टोमणाच लिही. ‘तुमच्यात’ हा शब्द कितीदा येतो तेही मोज. आणि त्या चौघींपैकी जी तुझ्याकडे बघून खाली मान घालते ना, तिला एकटीला गाठून चहाला ने. अशी एक असतेच.

प्रश्न : माझा मुलगा केंद्राच्या नोकरीत आहे. त्याच्यापेक्षा सेवाज्येष्ठतेत मागे असलेला सहकारी आरक्षणातून आधी बढतीवर गेला. १९९२ च्या मंडल निकालाने बढतीतलं आरक्षण बंद झालं होतं ना? मग हा अन्याय नव्हे का?
— एक निवृत्त शिक्षक, मुलुंड

उत्तर : सर, १९९२ ला तसंच म्हटलं होतं. पण १९९५ साली ७७ वी घटनादुरुस्ती झाली आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी बढतीतलं आरक्षण कायम राहिलं. २००१ च्या ८५ व्या दुरुस्तीने त्याबरोबरची ज्येष्ठताही दिली. ओबीसींना आणि आर्थिक दुर्बलांना ते बढतीत नाही. २००६ आणि २०१८ च्या निकालांनी अटी घातल्या, आरक्षण काढलं नाही.

अन्यायाबद्दल आपलं जमणार नाही, मी दुसऱ्या बाजूच्या रांगेत उभी राहिलेली बाई आहे. पण आस्थापनेत बसून जे दिसलं ते सांगते. जागा वेळेवर न भरल्या की सगळ्यांचीच बढती अडते, आणि राग मात्र शेजारच्या टेबलावर निघतो. चिरंजीवांना म्हणावं, आधी त्यांच्या पदाचं रोस्टर बघा. माहिती अधिकारात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून नुसती पाहणी मागता येते. पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये. तो सहकारी कुठल्या बिंदूवर गेला आणि खुल्या बिंदूंवरच्या किती जागा रिकाम्या पडून आहेत, हे तासाभरात कळेल. पाहणीला जाताना चष्मा न्यायला सांगा. आमच्या वेळच्या नोंदी बारीक अक्षरात आहेत.