टायर टिकाऊ हवा आणि वळणात पकडही हवी

वाचकांचे प्रश्न : दुचाकी

प्रश्न : मी कासारवडवलीला राहतो आणि नोकरीसाठी रोज घोडबंदर रोड, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याने महापे येथे जातो. माझ्या १५० सीसी मोटारसायकलचा मागचा टायर १४०/६० आर१७ या मापाचा आहे. अधूनमधून रविवारी मुरबाडमार्गे माळशेज घाटात जाणे होते. मागच्या टायरची नक्षी अजून शिल्लक दिसते, तरीही हल्ली घाटात गाडी वळणात घालताना ती एकदम पडल्यासारखी झुकते आणि पावसात मागून सरकते. टायरवाला म्हणतो, कडक रबराचा टायर घ्या, काही वर्षे बघायला नको. बरोबरचे मित्र म्हणतात, नरम घे, घाटात भरवसा वाटेल. टिकाऊपणा आणि वळणातली पकड या दोन्ही गोष्टी एका टायरमध्ये मिळतात का?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : मिळतात, मात्र त्यासाठी टायरचा मधला पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजू यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. महाप्याच्या रोजच्या प्रवासात आपली गाडी जवळजवळ सगळा वेळ सरळ उभी असते. माजिवड्याला किंवा विटाव्याच्या वळणावर ती थोडीफार कलत असेल, पण त्या गर्दीतल्या वेगात ते कलणे नगण्यच असते, आणि म्हणून झीज होते ती फक्त मधल्या पट्ट्याची. माळशेजच्या वळणात मात्र सगळा भार टायरच्या खांद्यावर, म्हणजे मधला पट्टा आणि कड यांच्या दरम्यानच्या उतारावर येतो, आणि तो भाग आठवडाभर रस्त्याला फारसा लागलेलाच नसतो. याचाच अर्थ, टिकाऊपणाची गरज टायरच्या एका भागाला आहे आणि पकडीची गरज दुसऱ्या भागाला. आपला टायरवाला आणि आपले मित्र हे दोघेही संपूर्ण टायर एकाच गुणाचा असतो असे धरून सल्ला देत असल्यामुळे त्यांचे म्हणणे परस्परविरोधी वाटते.

आता आपण लिहिलेल्या लक्षणाकडे येतो, कारण खरेदीपेक्षा ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, किंवा कोणाला तरी सरळ धरायला सांगावी, आणि शाळेतली साधी फूटपट्टी मागच्या टायरवर आडवी टेकवून पाहावी. टायर गोल असेल तर पट्टी मधोमध अगदी थोड्या जागेवर टेकते आणि दोन्ही बाजूंना लगेच फट दिसू लागते. टायर मध्ये सपाट झाला असेल तर पट्टी बोटभर किंवा त्याहून रुंद पट्ट्यावर घट्ट बसते, आणि तो सपाट भाग जिथे संपतो तिथे बोट फिरवले असता दोन्हीकडे स्पष्ट कंगोरा हाताला लागतो. गाडी सरळ असेपर्यंत या कंगोऱ्याचा उपद्रव जाणवत नाही. वळणात मात्र टायर आधी सपाट भागावर अडून राहतो आणि कंगोरा ओलांडला की गाडी झटक्यात पुढच्या उतारावर जाते. आपल्याला गाडी पडल्यासारखी वाटते ती त्याच क्षणी.

अशा टायरची नक्षी शिल्लक असू शकते, आणि कायद्याच्या दृष्टीनेही तो बाद नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरच्या खाचांची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असून चालत नाही, आणि ती मर्यादा दाखवणारे छोटे उंचवटे खाचांच्या तळाशी असतात; टायरच्या बाजूवर छापलेला त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे त्यांची जागा दाखवतात. घाटात जाणाऱ्याने मात्र या मर्यादेची वाट पाहू नये. टायरचे आयुष्य नक्षी संपेपर्यंत मोजण्यापेक्षा त्याची गोलाई टिकेपर्यंत मोजावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला टायर फूटपट्टीच्या परीक्षेत नापास झाला, तर पुढच्या माळशेज फेरीआधीच तो बदलावा.

निवड करताना पहिली गोष्ट रबराच्या मिश्रणाची, ज्याला बाजारात कंपाउंड म्हणतात. नरम रबर डांबराच्या खडबडीत पृष्ठभागात अधिक खोलवर बसते, म्हणून ते अधिक पकडते आणि त्याच कारणाने लवकर झिजते. कडक रबराचे याच्या उलट. या मिश्रणात काजळीबरोबर सिलिका घातली तर ओल्या आणि गार रस्त्यावरची पकड वाढते, आणि त्यासाठी टिकाऊपणाची फार मोठी किंमत मोजावी लागत नाही. आपल्याकडे चार महिने रस्ता ओला असतो, त्यामुळे सिलिकायुक्त मिश्रणाची चौकशी अवश्य करावी. मध्ये कडक आणि खांद्यांवर नरम अशी दोन मिश्रणे एकाच टायरमध्ये वापरण्याची पद्धतही आता रुळलेली आहे. मिशेलिन कंपनी तिला टूसीटी म्हणते आणि पिरेलीसारख्या इतर कंपन्यांचेही तसे टायर आहेत. आपल्या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर तेच आहे. अडचण अशी की असे टायर मुख्यतः मोठ्या गाड्यांच्या रुंद मापांत निघतात आणि १५०-१६० सीसीच्या मापांत क्वचितच सापडतात. म्हणून दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न विसंबता आपल्याच मापाच्या टायरबद्दल कंपनीच्या माहितीपत्रकात तसे लिहिले आहे का, ते पाहावे.

दुहेरी मिश्रण मिळाले नाही तर आपण रेडियल टायर सोडू नये. आपल्या मापातील आर हे अक्षर रेडियल बांधणीचेच आहे. त्या जागी नुसती आडवी रेघ असती तर टायर बायस बांधणीचा, म्हणजे तिरप्या थरांचा आहे असे समजले असते. रेडियल टायरच्या बाजू लवचीक असतात आणि मधला पट्टा आपला आकार धरून राहतो, त्यामुळे वळणात रस्त्याला लागणारा भाग स्थिर राहतो. शिवाय तो कमी तापतो, म्हणून कंपनीला त्यात थोडे नरम रबर वापरणे परवडते. मापापुढे ६३पी अशी खूण असेल, तर तिचा अर्थ त्या टायरची भारक्षमता २७२ किलो आणि वेगमर्यादा ताशी १५० किलोमीटर एवढी आहे. नवा टायर या दोन्ही बाबतींत मूळ टायरइतका किंवा त्याहून वरचा असावा, खालचा नसावा. रेडियलमध्येही शर्यतीच्या धर्तीचा अतिनरम टायर आपल्या कामाचा नाही. तो तापल्यावर उत्तम पकडतो, पण कळवा नाक्याच्या कोंडीत त्याला काम करण्याइतकी उष्णता कधी मिळतच नाही आणि मधला पट्टा मात्र झपाट्याने उडतो. लांबच्या प्रवासासाठी काढलेला मध्यम मिश्रणाचा, म्हणजे स्पोर्ट टूरिंग प्रकारचा टायर आपण घ्यावा.

नक्षीबद्दल थोडक्यात सांगायचे तर मधोमध पाणी बाहेर काढणाऱ्या पुरेशा खाचा असाव्यात आणि खांद्यांवर सलग रबर अधिक असावे. मातीच्या रस्त्यासाठी असलेली मोठ्या ठोकळ्यांची नक्षी डांबरी वळणात उपयोगाची नाही.

आपण पुढच्या टायरचा उल्लेख केलेला नाही, आणि बहुतेक जण तो करतच नाहीत. मागच्या टायरवर इंजिनाचा जोर आणि अधिक भार असल्याने तो लवकर झिजतो. पुढचा बराच जास्त टिकतो, आणि त्याची नक्षी चांगली दिसते म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच राहून त्याचे रबर कडक होते. वळणात मागचा टायर सरकला तर गाडी सावरण्याची काही तरी संधी असते, पुढचा सरकला तर ती जवळपास नसतेच. मागचा नवा आणि पुढचा म्हातारा अशी जोडी घेऊन घाटात जाऊ नये. पुढे बायस आणि मागे रेडियल अशी जोडी काही गाड्यांवर कारखान्यातूनच येते आणि ती चालते. पुढे रेडियल आणि मागे बायस ही उलटी जोडी मात्र टाळावी.

आता हवेविषयी, कारण चांगला टायर घेऊनही तो लवकर सपाट होण्यामागे बहुतेक वेळा हवाच असते. हवा जास्त भरली की टायरचा मध्य फुगतो, रस्त्याला तेवढाच अरुंद पट्टा लागतो आणि तिथेच झीज होते. हवा कमी असली तर टायर दबतो, बाजू सतत वाकून तापतात, वळणात गाडी सैल आणि जड वाटते. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याला ‘मागे पस्तीस, पुढे तीस’ असे अंदाजाने सांगण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे आणि ती सोडायला हवी. चेनकव्हरवर, स्विंगआर्मवर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा गाडीच्या पुस्तिकेत एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात, तेच प्रमाण मानावेत. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना तपासावी. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण १ ते १.५ पीएसआयने वाढतो, त्यामुळे महाप्याहून परतताना तापलेल्या टायरमध्ये दिसणारा आकडा फसवा असतो. तो जास्त दिसला म्हणून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावतो. खिशात मावणारे हवा मोजायचे साधन फार महाग नसते आणि आठवड्यातून एकदा दोन मिनिटे दिली तरी पुरते.

नवा टायर बसवल्यावर पहिले १५० ते २०० किलोमीटर जपून चालवावेत. साच्यातून निघालेल्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि तो थोडा खरवडला जाईपर्यंत पूर्ण पकड मिळत नाही. शनिवारी टायर टाकून रविवारी पहाटे माळशेजला निघणे म्हणूनच धोक्याचे आहे. आधी आठवडाभर कामावर जाऊन यावे आणि पुढे कलण्याचे प्रमाण हळूहळू वाढवावे, म्हणजे खांद्यांवरचे रबरही तयार होते. शेवटी, पहिल्या पावसात गायमुखच्या वळणांवर अवजड वाहनांचे सांडलेले डिझेल पाण्यावर तरंगते, उड्डाणपुलांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या असतात आणि पांढरे पट्टे ओले झाले की निसरडे होतात. तिथे कोणत्याही मिश्रणाचा टायर सुटू शकतो. अशा जागी गाडी शक्य तेवढी सरळ ठेवावी, ब्रेक वळणाच्या आधी आटोपावा आणि वळणात फक्त एकसारखा वेग राखावा.

प्रश्न : माझ्या मोटारसायकलला मागे १३०/७०-१७ हा टायर आहे. पाम बीच रोडच्या लांब वळणांवर अधिक पकड मिळावी म्हणून त्या जागी १५०/६०-१७ टाकावा असे दुकानदार सुचवतो. व्यास सारखाच असल्याने काही फरक पडणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. त्याचा सल्ला मानावा का?
– एक वाचक भगिनी, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : मानू नये. व्यासापुरते त्याचे म्हणणे खरे आहे, कारण मापातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची सांगतो. १३० चे ७० टक्के म्हणजे ९१ मिलिमीटर आणि १५० चे ६० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर, त्यामुळे दोन्ही टायरची उंची जवळपास सारखी येते. प्रश्न रिमच्या रुंदीचा आहे. प्रत्येक टायरसाठी किती रुंदीची रिम चालते हे कंपनी ठरवून देते. रुंद टायर अरुंद रिमवर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि त्याचा माथा मूळ आकारापेक्षा टोकदार होतो. मग सरळ रस्त्यावर टायरचा आणखी अरुंद भाग जमिनीला लागतो, आणि वळणात कलल्यावर कंपनीने आखलेला खांदा जागेवर मिळत नाही. ज्या पकडीसाठी आपण पैसे मोजता, तीच कमी होण्याची शक्यता असते. त्याशिवाय टायर जितका रुंद, तितके त्याच वेगात तेच वळण घेण्यासाठी गाडीला अधिक कलावे लागते आणि दिशा बदलायला ती जड होते. चेन किंवा स्विंगआर्मला टायर घासण्याचा धोका वेगळाच. पुढचा टायर तर जुन्या मापाचाच राहणार, मग दोघांचा मेळ बसणार कसा? आहे त्याच मापात उत्तम मिश्रणाचा टायर घेण्यावर आपण तेवढेच पैसे खर्च करावेत. गाडीच्या पुस्तिकेत त्याच मापाच्या रेडियलला मान्यता असेल तर तो घ्यावा.

प्रश्न : एका दुकानात नामांकित कंपनीचा नरम रबराचा टायर मोठ्या सवलतीत मिळत आहे. टायर न वापरलेला आहे, पण बरेच दिवस पडून असावा असे वाटते. घ्यावा का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आधी त्याचे वय पाहावे. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. त्यातले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३२१ याचा अर्थ २०२१ सालातील २३ वा आठवडा. अंधाऱ्या, थंड गोदामात नीट ठेवलेला टायर वर्षभराने लगेच बिघडत नाही. दुकानाबाहेर उन्हात टांगलेल्या टायरचे रबर मात्र ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे कडक होत जाते, आणि नरम मिश्रणासाठी जी जादा किंमत मोजायची तो नरमपणाच उरत नाही. टायर वापरात येऊन पाच वर्षे झाल्यावर त्याची दरवर्षी तपासणी करावी आणि निर्मितीपासून दहा वर्षांनी तो दिसायला चांगला असला तरी काढून टाकावा, असे मिशेलिन कंपनी सांगते. वळणातल्या पकडीसाठी टायर घेणाऱ्याने मात्र इतके थांबू नये; खरेदीच्या वेळी टायर वर्षभरापेक्षा जुना नसावा, हा दंडक मी स्वतः पाळतो. आकडे पाहून झाल्यावर टायर उजेडात नेऊन दोन्ही हातांनी थोडा दाबावा आणि खाचांच्या तळाशी, तसेच बाजू जिथे वाकते तिथे, केसासारख्या बारीक भेगा उघडतात का ते पाहावे. एकही भेग दिसली तर सवलत कितीही मोठी असली तरी तो टायर दुकानातच ठेवावा.